दक्षिणायन

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने थंडीविषयी लिहावे, म्हणजे कोकणातल्या माणसाने वाळवंटाविषयी लिहिण्यापैकीच आहे. आमचा जिल्हा प्रसिद्ध तो उन्हाळ्यासाठी. आमच्या जेऊरचा हिवाळा तो केवढा? पहाटे ज्वारी राखायला जाणाऱ्याने घोंगडी पांघरावी, बांधावर चार काटक्या गोळा करून शेकोटी करावी, आणि उन्हे वर आली की तीच घोंगडी खांद्यावर टाकून घरी यावे. थंडीला भिऊन गाव सोडायचे असते, ही कल्पनाच आम्हांला नाही.

उलट थंडीला भ्यालेले पाहुणे आमच्याकडे येतात. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाखरांच्या रांगा दिसू लागतात. मंगोलिया आणि मध्य आशियातल्या माळांवरून निघालेले करकोचे हिमालय ओलांडून आमच्या हरभऱ्याच्या रानात उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब येतात, तांबूस चक्रवाक येतात, आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उभे राहतात. जेऊर स्टेशनावर उतरून फटफटी काढली, तर अर्ध्या तासात हा सारा सोहळा डोळ्यांपुढे येतो. पुण्या-मुंबईची मंडळी हातहात लांब नळ्यांचे कॅमेरे घेऊन तो पाहायला येतात. आम्ही मात्र 'हरभरा खाल्ला' म्हणून पाखरांच्या नावाने ओरडत असतो. उत्तरेकडच्या या पाखरांना दक्षिण हवी असते, आणि ती दक्षिण म्हणजे आम्ही!

अशा गावातला मी, छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला माणूस, २०२२ च्या डिसेंबरात थंडीपासून पळण्यासाठी दक्षिणेकडे निघालो. आणि तोही घर बरोबर घेऊन. ही हकीकत मी गावच्या पारावर सांगितली तेव्हा एक समवयस्क म्हणाले, "गुरुजी, तुम्ही थंडीपासून पळालात हे पटलं. पण आधी तिच्या तोंडात कशाला गेला होतात?"

प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर एवढेच, की मुलगा तिकडे आहे.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, मोटारींसाठी गाजलेल्या डेट्रॉइट शहराजवळ, आमचा मुलगा इंजिनियर आहे. आम्ही दोघे ऑक्टोबरात तिकडे गेलो तेव्हा झाडे तांबडी-पिवळी झाली होती. सौ. म्हणाली, "अगंबाई, इथं झाडंसुद्धा हळदीकुंकू लावतात!" पण महिन्याभरात त्या झाडांवर पान म्हणून उरले नाही. डिसेंबर लागला, आणि आम्ही उभयतां खिडकीशी बसून राहू लागलो. बाहेर पडायचे म्हणजे आत दोन, त्यावर एक, त्यावर डगला, डोक्याला टोपी, हाताला मोजे. एवढे करून पायरी उतरेपर्यंत परत आत यावेसे वाटे. सौ.ची गत तर थरांवर थर दिलेल्या पाटोडीसारखी झाली होती. शेजारचे एक वृद्ध जोडपे नोव्हेंबरातच घराला कुलूप घालून नाहीसे झाले होते. चौकशी करता मुलाने सांगितले, "दादा, ते स्नोबर्ड. हिमपाखरं. थंडीचे चार महिने फ्लोरिडात राहतात, वसंतात परत येतात."

मी म्हटले, "म्हणजे करकोचेच की!"

त्यावरूनच मुलाच्या डोक्यात कल्पना आली असावी. नाताळात त्यांची कचेरी आठ-दहा दिवस बंद असते. त्याने एक फिरते घर भाड्याने घेतले. तिकडे त्याला आर.व्ही. म्हणतात. मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली ही एक खोलीच. आत शेगडी, मोरी, संडास, सहा माणसांची निजायची सोय. चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावरसुद्धा एक बिछाना. तो आमच्या आठ वर्षांच्या नातीने ताबडतोब बळकावला. मी घराभोवती प्रदक्षिणा घातली, टायर चाचपून पाहिले, आणि 'छान आहे' म्हटले. सौ. मात्र दारात उभी राहून बराच वेळ न्याहाळीत होती. अखेर म्हणाली, "ऊसतोडवाल्यांची गाडी आहे झालं. फक्त बैल नाहीत."

उपमा अगदी नेमकी होती. दसरा झाला की आमच्या भागात बीड-नगरकडून ऊसतोडीच्या गाड्या येऊ लागतात. गाडीत ज्वारीचे पोते, भांडी, कोंबड्या, करडू, आणि या साऱ्यावर बसलेले पोर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फेडण्यासाठी पाच महिने उसाच्या फडाकाठी कोपी बांधून राहायचे. ती माणसेही हिवाळ्याच्या तोंडाशी घर चाकांवर घालून निघतात. पण ती थंडीला भिऊन निघत नाहीत. पहाटेच्या थंडीत तर त्यांचा कोयता चालू असतो.

आम्ही निघालो तो दिवस २१ डिसेंबरचा. मी नातीला म्हटले, "आज सूर्याचं दक्षिणायन संपलं, आणि आपलं सुरू झालं." ती म्हणाली, "आजोबा, सूर्याकडे आर.व्ही. आहे का?" सूर्याला सात घोड्यांचा रथ असतो, हे मी तिला सांगितले. मग ओहायो राज्य संपेपर्यंत ती घोड्यांची नावे विचारीत होती.

सौ.ला वेगळीच चिंता. दक्षिण ही यमाची दिशा. आमच्याकडे दक्षिणेला तोंड करून घराचे दार कोणी काढीत नाही, उत्तरेला डोके करून कोणी निजत नाही. आणि या घराचे दार? ते रोज निराळ्या दिशेला! रात्री गाडी उभी राहिली, की ती मुलाला फोनवरचे होकायंत्र पाहायला लावी, आणि उशी या टोकाची त्या टोकाला नेई. एके रात्री तर गाडीच तिरकी उभी होती. तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आज तुझं डोकं आग्नेयेला आहे. शास्त्रात आग्नेयेचं काही सांगितलंय का?" शास्त्र आठवेपर्यंत ती झोपी गेली.

डेट्रॉइटवरून जाणारा हा महामार्ग क्रमांक पंचाहत्तर मोठा विलक्षण आहे. कॅनडाच्या सरहद्दीवर तो सुरू होतो आणि थेट फ्लोरिडात मायामीजवळ संपतो; सुमारे २,९०० किलोमीटरची दक्षिणोत्तर रेघ. हिवाळ्याच्या तोंडाशी तिच्यावर उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांची फिरती घरे ओळीने दिसतात. लहानपणी मी जेऊर स्टेशनाच्या कुंपणाशी उभा राहून मद्रास मेल जाताना पाहत असे. त्या गाडीतली माणसे इतक्या लांब दक्षिणेला कशाला जातात, हे कोडे मला तेव्हा पडे. आता मीच तशा रांगेत होतो.

पहिल्या रात्री केंटकी राज्यात मुक्काम केला. तिथेच, जेवणे झाल्यावर, मुलाने विषय काढला.

"दादा, एक विचारू? जेऊरचं घर आता कशाला ठेवायचं? तुमचं वय झालं. पावसाळ्यात गळतं. पुण्यात दोन खोल्या घेऊ, विमानतळ जवळ पडेल. सहा महिने तिथं, उन्हाळ्यात इथं. आपणही स्नोबर्ड होऊ."

तो मायेनेच बोलत होता. हिशेबही चोख होता. मी 'बघू' म्हटले. मराठी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचे असते, हे मुलाला ठाऊक आहे. तो गप्प राहिला, सौ. भांडी विसळू लागली.

विसळू लागली म्हणजे बाटलीतल्या पाण्याने. घरात नळ होते, पण उत्तरेत पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी औषध भरून ठेवतात. ऊबदार मुलखात पोहोचेपर्यंत तोटीला हात लावायचा नाही, अशी मालकाची सक्त ताकीद. नळ आहे आणि पाणी नाही, ही अवस्था सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला नवी नाही. आमच्याकडे 'धरण उशाला आणि कोरड घशाला' म्हणतात ते काही उगाच नव्हे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेनेसी राज्यात चॅटनूगा शहराच्या अलीकडे पोहोचलो. हवा पावसाळी पण बरी होती. मुलाचा धीर चेपला. त्याने औषध धुऊन काढले, नळी जोडली, पाणी सुरू केले. सौ.ने तेवढ्यात कढीभात केला.

पण थंडीने आम्हांला गाठायचे ठरवले होते. त्या रात्रीच ती आली. २०२२ च्या त्या नाताळातले वादळ अमेरिकेत अजून विसरलेले नाहीत. तिकडे बफेलो शहर बर्फाखाली गाडले गेले आणि कित्येक माणसे दगावली. आमच्याकडे बर्फ थोडा, पण वारा असा, की घर चाकांवर डुलत होते. चार-सहा तासांत पारा शून्याच्या कितीतरी खाली गेला. सकाळी तोटी पिरगळली तर नुसता खाकरल्यासारखा आवाज आला. नळी आतल्या आत गोठून दगड झाली होती. थोड्याच वेळात विजेचे दिवे गेले. मुलगा धावत खबर घेऊन आला. साऱ्या भागात विजेचा तुटवडा पडला होता आणि पाळीपाळीने वीज बंद करीत होते.

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले, आणि आम्हां दोघांना हसू आवरेना. अमेरिकेत लोडशेडिंग! "आता कुठं घरी आल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. मग तिने सगळ्यांना एका बिछान्यात घेतले, वर होती नव्हती तेवढी पांघरुणे घातली, आणि नातीला आम्ही शेकोटीच्या गोष्टी सांगत बसलो.

२४ तारखेला वारा पडला. मुलाला कोणीतरी सांगितले होते की इथून जवळच, हायवासी नावाची नदी टेनेसी नदीला मिळते तिथे, क्रौंच पक्षी उतरतात. "दादा, तुमचे करकोचे," म्हणून तो मुद्दाम वाट वाकडी करून घेऊन गेला.

डगला, टोपी, मोजे असा जामानिमा करून मी टेकाडावर उभा राहिलो. खाली धरणाचे पाणी पसरले होते, त्यात मातीच्या जिभा शिरलेल्या, पलीकडे कापणी झालेल्या मक्याची राने. आणि त्या साऱ्यावर करड्या रंगाचे, कपाळावर लाल टिळा लावलेले, माणसाच्या छातीएवढे उंच पक्षी. हजारोंनी. सॅण्डहिल क्रेन म्हणतात त्यांना. मिशिगनच्या दलदलीतून निघालेले बरेचसे थवे या वाटेने येतात. म्हणजे ते आमच्याच गावचे, आमच्याच रस्त्याने आलेले! त्यांतला एक थवा उठला आणि ओरडला. घशात मणी घोळवावेत तसा तो आवाज. ऐकला मात्र, आणि माझ्या पायांखालची अमेरिका नाहीशी झाली.

वाचकहो, उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली भीमाकाठची जी गावे गेली त्यांत आमचे गाव होते. जेऊर हे आमचे दुसरे गाव. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. पाणी चढणार हे सगळ्यांना माहीत होते, पण ते खरोखर चढेल असे कोणाला वाटत नव्हते. लोक शेवटच्या हंगामापर्यंत पेरीत होते. वडिलांनी मात्र एके दिवशी घराची कौले उतरवली. मग तुळया काढल्या. अखेर माजघराची चौकट. आजोबांनी घातलेली, सागवानी, वर गणपती कोरलेला. तिला चहूबाजूंनी हात लावून, जखमी माणसाला उचलावे तशी उचलली. दोन बैलगाड्या भरल्या. एका गाडीत घर, दुसऱ्या गाडीत आम्ही. आई चौकटीवर हात ठेवून मागच्या गाडीबरोबर चालत होती.

जेऊरला नवे घर बांधले तेव्हा वडिलांनी आधी ती चौकट उभी केली आणि मग तिच्या आजूबाजूला भिंती घातल्या. दरवर्षी वसुबारसेच्या आधी ते तिला जवसाचे तेल लावीत. दुसरे कोणी लावलेले त्यांना चालत नसे.

आणि हिवाळ्यात ते पाण्याकडे जात. पहिली काही वर्षे पाखरे आलेली पाहून त्यांना राग येई. "आपल्या रानात पाव्हणे उतरलेत," म्हणत, "आणि आपण उपरे." पुढे राग गेला. काठावर चवड्यांवर बसून करकोचे पाहत राहायचे. एकदा मला म्हणाले, "ह्यांचं बरं आहे. ह्यांना दोन गावं. आपल्याला होतं ते एक."

हे सारे मी त्या टेकाडावर मुलाला सांगितले. तो जेऊरच्या घरात वाढला, त्या चौकटीतून हजार वेळा धावला, तिला डोके आपटून घेतले. पण ती कुठून आली हे मी त्याला कधी सांगितले नव्हते. आपण मुलांना पाढे शिकवतो, आणि सांगायचे राहून जाते ते असले काही.

त्या जागेवर एक स्मारक आहे. दगडी भिंतीवर नावे कोरलेली आहेत, चेरोकी नावाच्या मूळ रहिवासी जमातीतल्या कुटुंबप्रमुखांची. १८३८ साली सरकारने त्या लोकांना घरांतून उठवले आणि पश्चिमेकडे हाकलले. हजारो माणसे इथल्याच उतारावरून नदीपार गेली. पुढची वाट त्यांनी हिवाळ्यात तुडवली. सुमारे चार हजार माणसे छावण्यांत आणि वाटेत मेली असे सांगतात. त्या वाटेला अश्रूंची वाट म्हणतात. पुढे शंभर वर्षांनी याच टेनेसी नदीवर धरणांची माळ बांधली गेली. इथले पाणी अडले ते १९४० मध्ये. तेव्हाही शेकडो कुटुंबे उठली, आणि या वेळची गोऱ्या शेतकऱ्यांची होती. या टेनेसी योजनेचा कित्ता पुढे आपल्या दामोदर खोऱ्यात गिरवला गेला, हे मी शाळेत मुलांना शिकवले होते. शिकवताना टेनेसी हा शब्द फक्त नकाशावरचा होता.

आणि आता त्या पाण्यावर पाखरे. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते, आणि त्यांचा काही अपराधही नव्हता. वडिलांचा राग का गेला असेल, ते मला तिथे थोडेसे उमगले.

मुलगा काही बोलला नाही. गाडीकडे परत जाताना त्याने माझा हात धरला. बर्फावरून पाय घसरेल म्हणून धरला असेल.

फ्लोरिडात पोहोचलो तर तिथेही लोक कुडकुडत होते! पश्चिम किनाऱ्यावर क्रिस्टल रिव्हर नावाचे गाव आहे. तिथल्या झऱ्यांचे पाणी बारा महिने कोमट असते, बावीस-तेवीस अंश. समुद्रातल्या म्हशीएवढ्या थोरल्या पाणगाई, मॅनाटी, थंडीत या झऱ्यांशी गोळा होतात. समुद्राचे पाणी फार गार झाले तर त्या मरतात. आम्ही गेलो तेव्हा त्या एकमेकींना चिकटून निपचित पडल्या होत्या. सौ. म्हणाली, "परवा सकाळी आपण असेच पडलो होतो."

तिथल्या तळावर फिरत्या घरांचे गावच वसले होते. कॅनडातून आलेले एक आजोबा रोज वहीत एक रेघ मारीत. देशाबाहेर किती दिवस झाले त्याचा हिशेब. हद्द ओलांडली तर औषधोपचाराच्या सवलती जायच्या. त्यांच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे होती, आणि शेजारी दर आठवड्याला घरात डोकावून फोन करी. त्या फोनची ते वाट पाहत.

पण लक्षात राहिली ती पलीकडच्या गाडीतली बाई. पासष्टीची असेल, एकटी. गाडी जुनी, एका बाजूला पत्रा ठोकलेला. सौ.ने तिला शिरा नेऊन दिला आणि ओळख काढली. सौ.ला इंग्रजी येत नाही, बाईला मराठी येत नाही. मध्ये दुभाष्या म्हणून मुलगा.

बाईने सांगितले की, ती आता कामावरून आली आहे. दर ऑक्टोबरात ती उत्तरेला मिनेसोटाच्या सरहद्दीवर बिटाच्या हंगामाला जाते. अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर बिटाची. जमीन गोठण्याआधी बीट काढून ढीग लावावे लागतात, म्हणून दोन-तीन आठवडे रात्रंदिवस काम. बारा-बारा तासांची पाळी. फिरत्या घरात राहणारी माणसे त्यासाठी खास बोलावतात, गाडी लावायला जागा फुकट देतात. हंगाम संपला की ती दक्षिणेला येते.

हे ऐकून सौ. जागची उठलीच. "अगं बाई, म्हणजे साखरेच्याच हंगामावर! ऊसतोडच की ही!" मग मुलाला म्हणाली, "विचार तिला, उचल किती घेतली होती?"

उचल, मुकादम, कोयता हे सारे त्या बाईला समजावून देताना मुलाला घाम फुटला. समजल्यावर ती म्हणाली, नाही, अंगावर कोणाचे कर्ज नाही. होते, ते नवऱ्याच्या आजारपणातले. ते घर विकून फेडले. सौ.ने विचारले, "घराची आठवण येते का?"

मुलाने ते इंग्रजीत सांगितले. बाई आत गेली आणि दाराच्या आतल्या बाजूला बोट दाखवू लागली. तिथे दोन पितळी आकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. तिच्या जुन्या घराचा नंबर. नव्या मालकाने दार बदलले, तेव्हा मागून आणले, म्हणाली. रोज पुसते.

मुलाने हे आईला मराठीत सांगायला हवे होते. तो सांगेना. सौ.ने दोनदा विचारले, "काय म्हणाली?" तेव्हा तो म्हणाला, "काही नाही गं आई. रोज पुसते म्हणाली."

वाचकहो, या हकीकतीतून मला काही सिद्धांत काढायचा नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या रांगेत सगळ्यांची घरे सारख्याच चाकांवर होती. कॅनडातल्या आजोबांची किल्ली शेजाऱ्याकडे होती. या बाईजवळ दोन आकडे होते. आमच्याकडे फडावर येणारा कोयताही चैत्रात परत निघतो, कारण गावाकडे कसेबसे का असेना, एक छप्पर आहे. आणि ते छप्पर टिकावे म्हणूनच तर तो पाच महिने उघड्यावर काढतो. पाखरू होण्यात काही वाईट नाही. फक्त दोन्ही गावे जागेवर असावी लागतात.

मार्चात आम्ही जेऊरला परतलो तेव्हा करकोचे परतीला जमत होते. घर उघडले. आत उंदरांनी धुमाकूळ घातला होता, आणि माजघराच्या भिंतीवर ओल होती. चौकट होती तिथे होती.

ते घर ठेवायचे की विकायचे, हा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. आम्हां दोघांचे गुडघे त्या घराच्या पायऱ्यांपेक्षा लवकर झिजत आहेत. पाऊस पडला की अजून तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. मुलाने विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. मात्र त्या वर्षीच्या दिवाळीआधी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती. इकडची तिकडची बोलणी झाली, नातीने करकोचे आले का ते विचारले, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला,

"दादा, चौकटीला तेल दिलंत का?"

मी म्हटले, "देतोच आहे."

तेल अजून आणायचे होते. मी पिशवी घेतली आणि बाजारात गेलो.